काचेतील प्रवाळ आणि ठाण्याचा उन्हाळा

ठाणे जिल्ह्याला खाडी आहे, मिठागरे आहेत आणि समुद्रही फार दूर नाही. तरीही ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथील एखाद्या सदनिकेत खाऱ्या पाण्याची लहानशी प्रवाळ टाकी उभी करायची झाल्यास तिच्यात या खाडीचे पाणी घालता येत नाही. ठाणे खाडीचे पाणी पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या लोंढ्यांनी गोडसर होते, उन्हाळ्यात त्याचा खारेपणा पुन्हा चढतो, आणि वस्ती व कारखाने यांचे सांडपाणी त्यात बारमाही मिसळत असते. खारफुटीला हा चढउतार सोसतो, प्रवाळाला सोसत नाही. म्हणूनच खाडीकाठच्या या शहरांतही टाकीतला समुद्र नळाच्या पाण्यापासून तयार करावा लागतो, आणि कमी खर्चात टाकी उभारू पाहणाऱ्या नवशिक्याचा खरा हिशेब तेथूनच सुरू होतो.

हौशी मंडळी जिला ‘रीफ टँक’ म्हणतात ती टाकी नुसत्या समुद्री माशांच्या टाकीहून वेगळी असते. तिच्यात प्रवाळ किंवा त्याचे मऊ शरीराचे नातलग जगवायचे असतात, आणि प्रवाळ हा रंगीत दगड नसून असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असतो. त्या प्राण्यांच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवले राहतात, ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळभिंतींवर १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. समुद्रात जे अंश-दोन अंशांच्या वाढीने होते तेच दोन फुटांच्या टाकीत एका दुपारी होऊ शकते, हे ध्यानात ठेवूनच पुढची सारी खरेदी करावी.

स्वस्तात टाकी चालवण्याची परंपरा आशियातलीच आहे. इंडोनेशियातील ली चिन इंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्रातून आणलेला, जीवजंतूंनी भरलेला खडक, नैसर्गिक समुद्रजल, सूर्यप्रकाश आणि हवेचे थोडे बुडबुडे. महागडे गाळणयंत्र त्यांनी वापरले नाही, कारण पाणी शुद्ध करण्याचे काम खडकातले जिवाणूच करतात हे त्यांनी ओळखले होते. आजच्या प्रवाळ टाकीचा पाया तोच आहे. मात्र ताजा खडक आणि स्वच्छ समुद्रजल या दोन्ही गोष्टी डोंबिवलीकराला हाताशी नाहीत, आणि पहिली तर कायद्यानेही नाही.

पहिली टाकी जितकी लहान तितकी स्वस्त आणि सोपी, असा समज सर्वत्र आढळतो. त्यातला पहिला भाग काही अंशी खरा आहे, दुसरा मुळीच खरा नाही. वीस-तीस लिटरच्या टाकीत एक मेलेला मासा किंवा एका दुपारचे बाष्पीभवन सारी रसायने उलटीपालटी करते. दोन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टाकीत खडक-वाळू वगळता सुमारे १०० लिटर पाणी राहते, आणि नवशिक्यासाठी हे माप खर्च व स्थैर्य यांचा सर्वांत चांगला मेळ घालते. अशी टाकी स्थानिक कारागीर सिलिकॉनने काचा जोडून करून देतात; काचेत काटकसर करायला हरकत नाही, फक्त काचेची जाडी कमी करू नये. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून वजन दीडशे किलोच्या पुढे जाते, तेव्हा ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या आधारावर ठेवावी आणि इमारत जुनी असल्यास आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

पाण्याच्या बाबतीत मात्र काटकसरीला जागा नाही. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे पाणी मिळते. ते बेसाल्टच्या प्रदेशातून येत असल्याने फार जड नसते, पण त्यात क्लोरीन असते आणि शैवाळाला पोसणारे सिलिकेट व फॉस्फेटही थोडे असू शकते. घोडबंदर रस्त्यावरील अनेक संकुलांत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि मग आजच्या व उद्याच्या पाण्याची प्रत सारखी राहील याचा भरवसा उरत नाही. म्हणून पाणी आरओमधून, म्हणजे विरघळलेले क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, आणि त्यानंतर उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनमधून काढावे लागते. टीडीएस मीटरवर म्हणजे विरघळलेल्या पदार्थांच्या मापकावर आकडा शून्य दिसला पाहिजे. घरातले पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र यासाठी वापरता येते, पण अशा बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते. पाणी त्या टप्प्याच्या आधीच काढून घ्यावे लागते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर फेकले जाते, आणि ज्या शहरांत पाणीकपात नेहमीची आहे तेथे ते धुणी-फरशीसाठी साठवणे हा या छंदाचाच भाग मानला पाहिजे.

या शुद्ध पाण्यात मीठ घालायचे, पण कोणते? भाईंदर, वसई, मुलुंड, भांडुप या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या समुद्राचे पाणी सुकवून मीठ काढले गेले, तेव्हा हेच खडे मीठ पाण्यात विरघळवले की पुन्हा समुद्र तयार होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही, याचे कारण मिठागरातच आहे. पाणी आटू लागले की प्रथम कॅल्शियमचे क्षार, म्हणजे चुना आणि जिप्सम, खाली बसतात. मग मीठ धरते. आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमचे कडू क्षार उरलेल्या पाण्यात राहतात, जे आगरातून बाहेर सोडले जाते. खडे मीठ अशा रीतीने समुद्राचा एकच भाग असते. प्रवाळाला मात्र उरलेला भागच हवा असतो: लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम, सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, आणि पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास धरून ठेवणारी अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता. म्हणून तयार ‘रीफ सॉल्ट’ विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. १०० लिटरला पहिल्या भरणीसाठी साधारण साडेतीन ते चार किलो आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना दरवेळी साडेतीनशे-चारशे ग्रॅम, असा त्याचा खप पडतो. क्षारता हजारात ३५ भाग राखायची असते. ती मोजण्यासाठी हलत्या काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरपेक्षा प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारे रिफ्रॅक्टोमीटर घ्यावे.

आता उष्णतेकडे वळले पाहिजे, कारण या पट्ट्यातील टाक्या सर्वाधिक त्यातच बुडतात. प्रवाळ टाकीला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते; मार्च ते मे या काळात ठाणे-कल्याण पट्ट्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि वरच्या मजल्यावरील खोल्या रात्रीही निवत नाहीत. त्यातच येथील घरांची दिनचर्या टाकीच्या विरुद्ध आहे: सकाळी सात-साडेसातची लोकल पकडणारे कुटुंब खिडक्या लावून बाहेर पडते आणि घर सर्वाधिक तापते त्या दुपारी टाकीजवळ कोणीच नसते. पाणी थंड करणारे चिलर नावाचे यंत्र यावर खात्रीचा उपाय आहे, पण त्याची किंमत टाकी, दिवा आणि पंप यांच्या एकत्रित किमतीहूनही जास्त होऊ शकते, ते वीज खाते, आणि पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडते.

काटकसरीचा उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा लहान पंखा आणि त्याला जोडलेला तापमान नियंत्रक, जो ठरावीक अंशावर पंखा आपोआप सुरू व बंद करतो. पाण्याचा एक लिटर बाष्प होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; बाहेरून नवी उष्णता येत नसती, तर तेवढ्याने १०० लिटर पाणी साडेपाच अंशांहून अधिक उतरले असते. प्रत्यक्षात उष्णता सतत येत राहते, म्हणून दोन ते चार अंशांची उतरण पदरात पडते. माठाचे पाणी गार होते ते याच नियमाने. पण माठाची मर्यादा पंख्यालाही आहे. मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी, पाऊस पडण्यापूर्वी, हवा तापलेलीही असते आणि दमटही. बाष्पीभवन मंदावते आणि पंखा फिरत असूनही आकडा चढतो. वर्षातील हे दोन-तीन आठवडेच निर्णायक असतात. त्या काळात दिवे दुपारऐवजी रात्री लावणे, टाकीवरचे झाकण काढून जाळी टाकणे, पडदे ओढून ठेवणे आणि गरज पडल्यास गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या सोडणे, एवढे उपाय हाताशी उरतात.

पंख्याची दुसरी किंमत पाण्यात मोजावी लागते. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, मीठ मागेच राहते. रोज दोन लिटर उडाले आणि पाच दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर १०० लिटरचे ९० लिटर होऊन क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. म्हणून उडालेले पाणी रोज, आणि खारे नव्हे तर शुद्ध आरओचे, भरावे लागते. लहान फ्लोट व्हॉल्व्ह लावून वरच्या डब्यातून ही भरणी आपोआप करता येते. कामावर जाणाऱ्या माणसासाठी ही जोडणी झगमगीत दिव्यापेक्षा अधिक मोलाची आहे.

पाणी खेळते ठेवणारा पंप टाकीतील पाणी तासाला दहा ते वीस वेळा फिरवेल असा, म्हणजे तासाला एक ते दोन हजार लिटरचा घ्यावा. असा पंप थोडक्या वॅटमध्ये चालतो, त्यामुळे घरातल्या इन्व्हर्टरवर तो कित्येक तास टिकतो, आणि वीज जाते तेव्हा सर्वांत आधी तोच चालू राहायला हवा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि थांबलेल्या पाण्यात तो लवकर संपतो. खारे पाणी व वीज एकत्र असल्याने गळती ओळखून प्रवाह तोडणारा आरसीसीबी आणि प्रत्येक वायरीला सॉकेटखाली झोल, या दोन गोष्टी टाळू नयेत. दिव्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही: मऊ प्रवाळांसाठी मध्यम ताकदीचा निळा-पांढरा एलईडी आठ तास पुरतो.

टाकी भरली की ती लगेच राहण्याजोगी होत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतो, आणि हे दोन्ही गट खडकाच्या छिद्रांत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळाला ‘सायकलिंग’ म्हणतात. गोड्या पाण्याची टाकी सांभाळलेल्यांना यातली घाई कधी कधी पचलेली असते, पण समुद्रजलात ती पचत नाही: पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८.२ ला तो वाटा कित्येक पटींनी वाढतो. तेव्हा कोरडा सच्छिद्र खडक, चिमूटभर माशांचे खाद्य आणि चाचणी संच घेऊन अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबणे हाच मार्ग आहे. मधल्या काळात काचेवर तपकिरी आणि मग हिरवा थर चढतो; तो टाकी बिघडल्याचे लक्षण नसून ती घडत असल्याचे लक्षण आहे.

प्राणी निवडताना कायदा आधी पाहावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोड्याचे संपूर्ण कुळ घालण्यात आले. या संरक्षणाची धार मुंबईत दिसली आहे: सागरी किनारा मार्गाच्या कामात २०२० साली हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या अवघ्या १८ वसाहती हलवायलाही वन विभागाची परवानगी लागली. परदेशातून आलेले कठीण प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहेत, आणि २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. दुकानदार कागद दाखवू शकत नसेल तर तो तुकडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. समुद्रघोडा तर कोणी पुढे केला तरी नाकारावा. नवशिक्याला झोअँथस, मशरूम, झेनिया असे कठीण सांगाडा नसलेले जीव पुरेसे आहेत, आणि पाण्याच्या चुका तेच अधिक सोसतात. फक्त झोअँथस हाताळताना हातमोजे घालावेत. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते.

माशांच्या बाबतीत या भागाला एक सुदैव लाभले आहे. क्लाउनफिश माणसाच्या देखरेखीखाली अंडी घालतो. त्याचे प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने दक्षिणेत साधले, आणि ठाणे खाडीच्या काठी ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभारली आहे. हॅचरीत वाढलेला मासा कृत्रिम खाद्य लगेच स्वीकारतो, प्रवाळभिंतीवरून पकडलेला नसतो आणि टाकीत जास्त टिकतो. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये मासा घेतानाही तो हॅचरीतला की समुद्रातला, हा प्रश्न आधी विचारावा. १०० लिटरला क्लाउनफिशची एक जोडी आणि एखादा गोबी पुरे. फूटभर वाढणारा निळा टँग अशा टाकीत घालणे म्हणजे त्याला कोंडणे होय.

येथील हवामानात पहिली टाकी पावसाळ्यानंतर नव्हे, तर मार्चमध्ये भरावी आणि सारा उन्हाळा तिच्यात पाणी, खडक व जिवाणू यांखेरीज काही ठेवू नये. रोज दुपारचे सर्वोच्च तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर लावावा. पंखा, पडदे आणि रात्रीचे दिवे एवढ्यावर मे अखेरीचा आकडा २८ च्या आत राहिला, तर जूनअखेर माशांची पहिली जोडी आणि गणपतीनंतर पहिला मऊ प्रवाळ आणायला हरकत नाही. तो ३० च्या पुढे जात राहिला, तर चिलरचे पैसे जमेपर्यंत त्या घरात प्रवाळ आणू नयेत.