चेरीच्या हंगामातला एक दिवस

पहाटे ३.३०. वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं. कॉलेजचं सत्र संपलेली एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर डबे भरते. ऊन चढलं की चेरी मऊ पडते, म्हणून तोडणी उजाडताच सुरू होते. गाडीत १९७९पासून चालणारं ग्रेंजरचं स्पॅनिश केंद्र, रेडिओ केडीएनए, लावलेलं.

५.००. छातीशी बादली बांधून ती तीन पायांच्या शिडीवर चढते. फळ देठासकट यायला हवं आणि पुढच्या वर्षीचा बहर जिथे धरतो ती आखूड काडी मोडता कामा नये. म्हणून फळाला हात न लावता देठ धरून वर मुरडायचा. मजुरी बादलीवर. शाळेच्या वेळेबाहेर, पालकांच्या संमतीने, बाराव्या वर्षीही शेतात राबायला अमेरिकेचा संघीय कायदा मुभा देतो. धोक्याच्या कामाला इतरत्र अठरा वर्षं लागतात, शेतीत सोळा पुरतात. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

दुपारी १.३०. वडिलांना घेऊन दवाखान्यात, त्यांची दुभाषी म्हणून. त्यांना मधुमेह आहे.

"गोळ्या रोज घेतात का, विचार," डॉक्टर म्हणतात.

"सांग, घेतो म्हणून," वडील म्हणतात.

पाकीट अर्धं भरलेलं तिने सकाळीच पाहिलंय. ती डॉक्टरांना खरं सांगते आणि आपण काय सांगितलं तेही वडिलांना सांगते. परतताना ते गप्प असतात. बापाचं दुखणं, घराची बिलं, शाळेच्या चिठ्ठ्या हे सगळं स्थलांतरित घरांतल्या मुलांच्या तोंडून जातं, कित्येकदा दहाव्या-बाराव्या वर्षापासून. त्यांचं मोठेपण मोजताना हे कामही धरलं पाहिजे.

४.००. शिक्षण-मदतीचा अर्ज. लग्न, मूल, लष्करी सेवा असे अपवाद सोडले, तर इथे चोविसाव्या वर्षापर्यंत विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबून मानला जातो. म्हणजे अर्जासाठी आईचंही ऑनलाइन खातं उघडायचं. आईकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. अर्ज त्याशिवायही भरता येतो, पण माहिती पुढे कुठे जाईल, ही भीती आईला सोडत नाही. मुलगी मिळवती असूनही आईच्या होकारावाचून अर्ज अडतो.

७.३०. टेबलावर पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाल्याची दोन पत्रं. एक टॉपेनिशच्या हेरिटेज विद्यापीठाचं, घरून जाऊन-येऊन करता येईल असं. दुसरं डोंगरापलीकडच्या सिएटलचं. जवळचं निवडणारी मुलं हिंमत हरलेली नसतात. घर धरून ठेवणं हीही जबाबदारीच आहे. तिचं मन मात्र सिएटलकडे आहे.

"तू गेलीस तर यांच्याबरोबर दवाखान्यात कोण जाईल?" आई विचारते.

वडील दुपारनंतर पहिल्यांदा बोलतात, "दुभाषा मागेन मी. त्यांना द्यावाच लागतो ना?"

"हो, द्यावा लागतो. फुकट."

"मग दे इकडे तो अर्ज," आई म्हणते. "काय काय लिहायचं, सांग."