ॲडजस्ट कर ना!

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागताना तुम्ही काय म्हणता? 'सरका' नाही, 'जरा ॲडजस्ट करा'. आणि लोक सरकतातही! लॅटिनमध्ये 'युक्स्ता' म्हणजे जवळ. त्यावरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ जवळ आणणं. चौथ्या सीटला अगदी फिट बसतो.

इंग्रजीत 'ॲडजस्ट'सोबत बहुतेकदा एखादी वस्तू येते. आरसा, बॅगचा पट्टा, घड्याळ. नाहीतर नवी जागा, नवं हवामान. आपण ते सगळं गाळून टाकलं. होस्टेलच्या दोघींच्या रूममध्ये तिसरी आली, ॲडजस्ट कर. ग्रुप प्रोजेक्टमधला एक जण गायब, ॲडजस्ट कर. भावाची परीक्षा आहे, टेबल त्याला. तू ॲडजस्ट कर. काय, किती, कधीपर्यंत? ते कुणी सांगतच नाही.

मराठीत 'तडजोड' आहे की! पण तडजोड म्हटलं की दोन बाजू आल्या, दोघांनी थोडंथोडं सोडणं आलं. ॲडजस्टमध्ये एकच बाजू हलते. 'लग्नानंतर तडजोड कर' असं मुलीला सांगताना घरचे जरा अडखळतील. 'थोडं ॲडजस्ट करावं लागतं गं' हे मात्र चहा गाळता गाळता सांगून होतं. शब्द इतका हलका, की नाही म्हणणारीच हट्टी ठरते.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर 'म्हणजे नक्की काय करू?' एवढंच विचारून बघा. लोकलमध्ये उत्तर लगेच मिळेल: चार बोटं सरका.