वर्ज्य पदार्थ पुन्हा ताटात आणताना

पोटफुगी, मुरडा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता अशा तक्रारींनी त्रस्त रुग्णांना आहारतज्ज्ञ काही काळ ठरावीक पदार्थ वर्ज्य करण्यास सांगतात. कांदा, लसूण, गहू, डाळी, दूध बंद होते आणि अनेकांना काही आठवड्यांतच आराम पडतो. खरी गफलत त्यानंतर होते. बरे वाटते म्हणून हे पथ्य महिनोन्‌महिने चालू राहते. त्यातून आहारातील कॅल्शियम व तंतुमय घटक घटतात, आतड्यातील उपकारक जिवाणूही कमी होतात. वस्तुतः हे पथ्य म्हणजे निम्मीच तपासणी. वगळलेले पदार्थ परत आणल्याशिवाय तिचा निष्कर्ष हाती येत नाही.

या आहारामागील 'फॉडमॅप' ही संज्ञा मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये मांडली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू निर्माण करणाऱ्या शर्करांचा हा समूह. दुधातील लॅक्टोज, कांदा-लसूण-गव्हातील फ्रुक्टान, कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड ही त्याची परिचित उदाहरणे. वर्ज्य टप्पा साधारणतः २ ते ६ आठवड्यांचा असतो.

त्यानंतर एका वेळी एकच पदार्थ तपासावा. पहिल्या दिवशी पाव कप दूध, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पूर्ण कप. बाकीचे पथ्य तसेच. त्रास झाल्यास तेथेच थांबावे व पोट पूर्ववत झाल्यावर पुढील पदार्थाकडे वळावे. त्रास न झाला तरी दोन-तीन दिवसांची विश्रांती घ्यावी आणि सर्व चाचण्या संपेपर्यंत तो पदार्थ रोजच्या जेवणात आणू नये. अन्यथा दोन पदार्थांचा एकत्रित परिणाम होऊन गोंधळ उडतो. पथ्य संपल्याच्या आनंदात पहिल्याच रविवारी पावभाजी खाल्ली, तर दोष पावाचा, कांद्याचा, लसणीचा की वाटाण्याचा, हे कळणार कसे? फ्रुक्टानयुक्त असले तरी कांदा, लसूण आणि गहू स्वतंत्रपणे तपासणेच योग्य. प्रमाण, वेळ आणि लक्षणे वहीत लिहून ठेवावीत. अर्धा कप दूध पचते, पूर्ण कप पचत नाही, असेही निष्पन्न होते. न पचलेला पदार्थ काही महिन्यांनी पुन्हा तपासता येतो.

हा प्रयोग ॲलर्जीसाठी मात्र नाही. शेंगदाणे, अंडी किंवा कोळंबी खाल्ल्याने अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे असे प्रकार घडले असतील, तर ते पदार्थ घरी तपासणे जिवावर बेतू शकते. ती चाचणी रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावी. गव्हाबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. सिलिअ‍ॅक रोगाची रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वीच करावी. नंतर केल्यास रोग असूनही ती निर्दोष येऊ शकते.

लसूण न पचणाऱ्यांनाही फोडणीचा स्वाद सोडावा लागत नाही. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. हिंग घेताना मात्र डबीवरील घटक वाचावेत, कारण बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.