गूळ, बेदाणे आणि रक्तातली साखर

साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीचा गूळ, तासगावचे बेदाणे. या मुलखात गोडाला तोटा नाही. ‘साखर नको, गूळ चालतो’ हा समज मात्र मधुमेहात घातक. रक्तातली साखर गुळानेही तशीच वाढते. ज्वारीची भाकरी जरूर खा, पण मोजून. ताटात पालेभाजी आणि मटकीची उसळ जास्त हवी.

खरा फरक पडतो वजन उतरल्याने. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत (२०१७) निदानाला सहा वर्षांहून कमी काळ झालेले, इन्सुलिन न घेणारे रुग्ण होते. त्यांतल्या १५ किलो किंवा अधिक वजन घटवलेल्या ८६ टक्के जणांचा टाइप २ मधुमेह वर्षाअखेर औषधांविना आटोक्यात होता.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर वजन उतरवायला जेवण एकदम तोडू नका. साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.