मोटारघरातून ग्रँड कॅनियनचे दर्शन

चोहो बाजूंनी सागराने वेढलेल्या बेटावर ज्याचा जन्म झाला, त्याच्या दृष्टीस एक सवय जडलेली असते. भूमी थोडी आणि जल अपार, हेच जगाचे स्वरूप होय, असे त्यास नकळत वाटू लागते. मॉरिशसचा असा रहिवासी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅनियनच्या कड्यावर प्रथम उभा राहतो, तेव्हा ही सवय क्षणात मोडून पडते. तेथे भूमीला अंत नाही आणि जल मात्र खोल दरीच्या तळाशी रेशमाच्या दोऱ्यासारखे दिसते. तो दोरा म्हणजे कोलोरॅडो नदी.

या दरीचे आकारमान आकड्यांत सांगितले, तर ते डोळ्यांसमोर उभे राहत नाही. नदीच्या वळणांनुसार मोजली असता तिची लांबी ४४६ किलोमीटर भरते. रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली सुमारे १,६०० मीटर. आपल्या बेटाशी तुलना केली, तर या आकड्यांना अर्थ येतो. मॉरिशसमधील सर्वांत उंच शिखर, पिटॉन दे ला पेतित रिव्हिएर न्वार, ८२८ मीटरचे आहे. अशी दोन शिखरे एकावर एक रचून दरीत ठेवली, तर वरच्याचा माथा जेमतेम काठास लागेल. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे अवघे मॉरिशस बेट त्यात दोनदा मावूनही जागा उरेल. १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या स्थळास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, २६ फेब्रुवारी १९१९ रोजी ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला.

या प्रदेशात हिंडण्याचे अमेरिकन लोकांचे आवडते साधन म्हणजे आर. व्ही., अर्थात मोटारघर. बिछाने, शेगडी, शीतपेटी, न्हाणी, शौचकूप असा सारा संसार एका मोटारीत मांडलेला असतो. लास वेगास अथवा फिनिक्स येथे ते भाड्याने मिळते. लास वेगासपासून दक्षिण कडा सुमारे ४५० किलोमीटर दूर आहे, आणि फ्लॅगस्टाफ गावापासून सुमारे १३०. ज्या कुटुंबाला आपल्या हातचे वरणभात खाल्ल्याविना चैन पडत नाही, वृद्ध आईवडिलांना घेऊन ज्यांना प्रवास करावयाचा आहे, किंवा ज्यांच्या घरी कडक शाकाहार पाळला जातो, त्यांना हे वाहन फार सोयीचे. सामान रोज बांधण्या-सोडण्याचा त्रास नाही, आणि पहाटेचा चहा सूर्योदय पाहत घेता येतो.

परंतु या सोयीबरोबर काही नियम येतात, व ते आधी ठाऊक असलेले बरे. मॉरिशसमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, अमेरिकेत उजव्या. नऊ मीटरचे अवजड वाहन परक्या बाजूने हाकणे हे पहिल्या दिवशी सोपे नव्हे. दक्षिण कड्यावर मुक्कामासाठी मॅदर कँपग्राउंड आहे. तेथे ३० फुटांहून लांब वाहनास प्रवेश नाही, आणि वीज, पाणी वा सांडपाण्याची जोडणीही जागेवर मिळत नाही. जवळच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये या सर्व जोडण्या असून ५० फुटांपर्यंतची वाहने मावतात. दोन्ही ठिकाणच्या जागा पुष्कळ महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. एकदा मुक्काम पडला की मोटारघर तेथेच उभे करून उद्यानाच्या विनामूल्य बसगाड्यांतून फिरावे, हे उत्तम. पश्चिमेकडील हर्मिट रोड तर मार्चपासून नोव्हेंबरअखेर खासगी मोटारींना बंदच असतो.

मोटारघरात राहणाऱ्यास सर्वांत मोठा धडा मिळतो तो पाण्याचा. गाडीत स्वच्छ पाण्याची एक टाकी, न्हाणी व भांडी यांच्या सांडपाण्याची दुसरी, आणि मैल्याची तिसरी. पहिली रिकामी होत जाते तसतशा उरलेल्या दोन भरत जातात, आणि त्या ठरलेल्या जागी स्वतःच्या हातांनी रित्या कराव्या लागतात. घरी नळ सोडला की पाणी येते आणि मोरीतून नाहीसे होते. ते कोठून आले व कोठे गेले याचा विचार कोणी करीत नाही. येथे चार माणसांच्या कुटुंबास दोन दिवसांत कळून चुकते की एका भांड्यात डाळ, तांदूळ आणि भाजी धुऊन होऊ शकते. कड्यावरील वस्तीलाही पाणी दरीच्या आतल्या स्रोतांतूनच नळांनी व पंपांनी वर चढवून मिळते, आणि तो जुना नळ वारंवार फुटत आला आहे. ज्या प्रदेशात नदीने एवढा चमत्कार घडविला, तेथेच पाण्याचा थेंब मोलाचा, हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

आणखी एक गोष्ट नवख्या प्रवाशास चकवते. वाळवंट म्हणून तो येतो आणि दक्षिण कड्यावर त्यास पाइनचे वन दिसते. हा कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच आहे, आणि हिवाळ्यात तेथे बर्फ पडतो. खरे वाळवंट दरीच्या पोटात दडलेले आहे. उन्हाळ्यात तळाशी तापमान ४० अंशांच्या वर चढते. डोंगर चढताना माणूस थकला तर मागे फिरतो आणि उतरण त्यास साहाय्य करते. येथे मात्र उतरण आधी आणि चढण नंतर. म्हणून एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परतण्याचा हट्ट धरू नये, असे उद्यानाचे अधिकारी वारंवार बजावतात, आणि तरीही दरवर्षी अनेकांना दरीतून सोडवून आणावे लागते.

कड्यावर उभे राहिले असता जे थर दिसतात, ते पृथ्वीच्या पोथीची पाने होत. सर्वांत वरचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचला. खाली जावे तसे पान जुने होत जाते. मध्ये कित्येक पाने गहाळ झालेली आहेत. काही ठिकाणी एकमेकांस चिकटून असलेल्या दोन थरांच्या वयात शंभर कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे. अगदी तळाशी, नदीच्या काठी, काळाभोर खडक आहे. त्याचे वय सुमारे १७५ कोटी वर्षे. दरी कोरण्याचे मुख्य काम मात्र नदीने गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत केले, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. आपले मॉरिशस बेट ज्वालामुखीतून सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी वर आले. म्हणजे खडक अतिप्राचीन असला, तरी ही दरी आपल्या बेटाहून थोडी धाकटीच म्हणावयाची.

आता त्या काळ्या खडकाचे नाव ऐकून हिंदू वाचकास आश्चर्य वाटेल. भूशास्त्रात त्यास ‘विष्णू शिस्ट’ म्हणतात. त्याच्या सोबतीस ब्रह्मा व राम या नावांचे खडकही आहेत. दरीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या शिखरांना विष्णू टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल, देव टेंपल, मनू टेंपल, कृष्ण श्राइन, राम श्राइन अशी नावे आहेत. ग्रँडव्ह्यू पॉइंटवरून विष्णू टेंपलचा निमुळता माथा दिसतो, आणि हॉपी पॉइंटवरून शिव टेंपलचा सपाट, विशाल माथा. या प्रथेचा आरंभ क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाकडे जातो. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या सुळक्यांना पौर्वात्य देवालयांची उपमा दिली, आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली.

या नावांवरून कोणी असा समज करून घेऊ नये की तेथे पुरातन काळी हिंदूंची वस्ती होती. तशा कथा सांगितल्या जातात, पण त्यांना आधार नाही. तेथे देऊळ नाही, मूर्ती नाही, शिलालेख नाही. एका अभ्यासू परक्या माणसास भव्यतेसाठी आपल्या देवतांची नावे योग्य वाटली, एवढेच सत्य आहे. ते पुरेसे गोड आहे. त्यावर खोटा साज चढविण्याची आवश्यकता नाही. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातर्फे हॅरल्ड अँथनी यांची तुकडी शिव टेंपलच्या माथ्यावर गेली. हजारो वर्षे अलग पडलेल्या त्या पठारावर निराळेच प्राणी सापडतील, अशी वृत्तपत्रांना आशा होती. सापडले ते नेहमीचेच उंदीर-खारींसारखे जीव, आणि पूर्वी मूळ रहिवासी तेथे येऊन गेल्याच्या खुणा. ज्या जागेस जगाने अस्पर्श मानले, तेथे माणूस केव्हाच पोहोचला होता.

आपल्या पूर्वजांनीही परभूमीस नावे दिली आहेत. मॉरिशसच्या ग्रां बासें या विवरातील तळ्याला गंगा तलाव हे नाव मिळाले, आणि १९७२ मध्ये गोमुखाचे जल त्यात मिसळण्यात आले. परंतु दोन्ही नामकरणांत एक भेद आहे. तलावाला नाव देणारे शर्तबंद मजुरांचे वंशज होते. घर हरवलेल्या माणसांनी नव्या भूमीला आपलेसे करण्यासाठी ते दिले. डटनने नावे दिली, तेव्हा दरीत आधीपासून राहणाऱ्या लोकांची स्वतःची नावे होतीच. ती नकाशावर आली नाहीत.

हे लोक म्हणजे हवासुपाई. निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक, असा त्या नावाचा अर्थ. ब्राइट एंजल वाटेने सुमारे साडेसात किलोमीटर उतरले की झऱ्याकाठी हिरवी जागा लागते. तेथे ते पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत. १८८२ मध्ये त्यांच्यासाठी जेमतेम ५१८ एकरांचे राखीव क्षेत्र आखण्यात आले. पुढे उद्यान झाले, आणि १९२८ मध्ये त्या झऱ्याकाठच्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशास तेथून घालविण्यात आले. त्याच वर्षी नदीवर कैबाब झुलता पूल उभा राहत होता. त्याचे प्रमुख लोखंडी दोर प्रत्येकी सुमारे एक टन वजनाचे आणि १६० मीटरहून लांब होते. खेचरांच्या पाठीवर ते नेणे शक्य नव्हते. म्हणून ४२ माणसांनी, ज्यांत बहुतेक हवासुपाई होते, एकामागून एक रांगेत उभे राहून ते खांद्यांवर घेतले आणि नागमोडी वाटेने खाली तळापर्यंत पोहोचविले. त्यांच्याच भूमीतून त्यांना हुसकावणे आणि त्यांच्याच खांद्यांवरून पूल उभारणे, या दोन्ही घटना एकाच वर्षातील आहेत.

ज्यांच्या पणज्या-खापरपणजांनी कोकणातील गावे सोडली, मुंबई बंदरातून जहाजात पाऊल ठेवले आणि उसाच्या शेतांतून दगड वेचून काळ्या राशी रचल्या, त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. मॉरिशसच्या शेतांतील त्या दगडी राशींवर कोणाचेही नाव कोरलेले नाही. तसेच त्या पुलावरही पुष्कळ काळ प्रवासी चालत गेले, पण दोर कोणी आणले हे फार थोड्यांनी विचारले.

सुदैवाने कथा तेथेच संपत नाही. १९७५ मध्ये कायद्याने हवासुपाईंना सुमारे १,८५,००० एकर भूमी परत मिळाली. झऱ्याकाठची ती जागा दीर्घकाळ इंडियन गार्डन म्हणून ओळखली जात होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचे नाव अधिकृतपणे हवासुपाई गार्डन्स असे झाले. न्यायाची पावले संथ असतात, पण ती पडतात.

निसर्गाच्या बाबतीतही तसेच. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया काँडॉर हे महाकाय गिधाड जगात अवघे २२ उरले होते. १९९६ पासून उत्तर ॲरिझोनात ते पुन्हा सोडण्यात आले, आणि आज कड्यावरून ते घिरट्या घालताना दिसू शकते. आपल्या मॉरिशस केस्ट्रेल ससाण्याची १९७४ मध्ये ज्ञात संख्या चार होती. तोही ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या कड्यांवरून पुन्हा उडू लागला. मात्र निष्काळजी राहून चालणार नाही. जुलै २०२५ मधील वणव्यात उत्तर कड्यावरील जुने, प्रसिद्ध ग्रँड कॅनियन लॉज भस्मसात झाले. जे कोट्यवधी वर्षांत घडले, त्याच्या काठावरील मानवी वास्तू एका रात्रीत जाऊ शकते.

तात्पर्य, ज्या कुटुंबास सवड व साधन आहे, त्याने ही यात्रा अवश्य करावी. मुलांना विष्णू टेंपल दाखवावे आणि त्या नावाचा खरा इतिहास सांगावा. मग ब्राइट एंजल वाटेवर थोडे उतरून, वळणावर थांबून, त्या ४२ माणसांच्या खांद्यांवरील भाराचीही कल्पना त्यांना करावयास सांगावी. आणि बेटावर परतल्यावर, शाळेस जाता-येता ज्या दगडी राशींजवळून ती मुले रोज जातात, त्या कोणी रचल्या हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारण्यास त्यांना प्रवृत्त करावे. हे सांगू शकणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत, तोवरच हा प्रश्न विचारता येईल.