खडखडाटाचे मूळ शोधा, मगच सुटे भाग बदला

नाशिक, प्रतिनिधी

सातपूर ही मोटारी घडविणारी वसाहत. येथील महिंद्राच्या कारखान्यातून २००२ मध्ये ‘स्कॉर्पिओ’ रस्त्यावर आली, तर २००७ मध्ये रेनोच्या भागीदारीतील ‘लोगन’. पुढे २०११ मध्ये ‘लोगन’चेच नामांतर ‘व्हेरिटो’ असे झाले. त्या पिढीतील मोटारी आता वयात आल्या आहेत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतरच्या नूतनीकरणासाठी वाहनाची तपासणी करून घ्यावी लागते. २००७ मध्ये घेतलेल्या ‘लोगन’ने हा टप्पा २०२२ मध्येच गाठला. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा शाबूत आहे, पण खड्ड्यात चाक गेले की पुढून खडखडाट होतो, अशी या वयाच्या मोटारींची नेहमीची तक्रार असते.

या आवाजावर दोन टोकाचे उपाय केले जातात. काही जण टेपचा आवाज वाढवून तो विसरू पाहतात. काही जण गॅरेजमध्ये जाऊन ‘सगळे बदलून टाका’ असे सांगतात. पहिला उपाय धोक्याचा आहे आणि दुसरा खर्चाचा. पुढच्या सस्पेन्शनमधील बहुतेक आवाज स्वस्त रबरी भागांचे असतात. एक आवाज मात्र असा आहे, की ज्याच्याकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये. या दोहोंतला फरक ओळखणे फारसे अवघड नाही.

रचना समजून घ्या

‘लोगन’सह बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट ही रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ती विकसित केली. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांचा एकच उभा खांब असतो. त्याचे वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याला रबरी माउंटने बसविलेले असते. खालचा भाग लोअर आर्म धरून ठेवतो. हा आर्म गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशने आणि चाकाकडे बॉल जॉइंटने जोडलेला असतो. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा एक आडवा दांडा असतो. तो स्टॅबिलायझर बार. ‘स्कॉर्पिओ’सारख्या गाड्यांत स्ट्रटऐवजी वर-खाली दोन आर्म असतात, बुश आणि बॉल जॉइंटची झीज मात्र तिथेही तशीच होते.

रबर केवळ किलोमीटरने झिजत नाही, ते वयानेही कडक होऊन तडकते. त्यामुळे कमी चाललेली, दारातच उभी असलेली मोटारही पंधरा वर्षांनी कुरकुरू लागते. बॉल जॉइंटवरचे रबरी टोपण फाटले, की पावसाळ्यातला चिखल आत शिरतो, ग्रीस वाहून जाते आणि पोलादावर पोलाद घासू लागते.

आवाज केव्हा येतो?

आवाज कुठून येतो हे बसल्या जागेवरून ओळखणे कठीण असते, कारण लोखंडातून तो दूरवर पोहोचतो. तो केव्हा येतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे. त्याआधी डिकीतला जॅक, बॅटरीची पट्टी, इंजिनखालचे संरक्षक पान आणि सायलेन्सरचे रबर सैल नाही ना, याची खात्री करून घ्यावी. मग सुटीच्या दिवशी वसाहतीतील रिकाम्या अंतर्गत रस्त्यावर, काचा उघड्या ठेवून, सावकाश गाडी चालवावी.

एकच चाक खड्ड्यात गेल्यावर टकटक होते, पण दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावरून सरळ गेली की आवाज कमी होतो, असे असेल तर संशय स्टॅबिलायझरच्या लिंकवर किंवा बुशवर घ्यावा. दोन्ही चाके एकदम उचलली की तो दांडा पिळला जात नाही, म्हणून आवाजही कमी होतो. ब्रेक लावताना किंवा गाडी निघताना एकच ‘धप्प’ आवाज आला, तर लोअर आर्मचे बुश तपासावेत. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाटली, तर वरच्या माउंटचे बेअरिंग अडकत असण्याची शक्यता असते. मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर गाडीचे नाक दोन-तीनदा वर-खाली होत राहिले आणि शॉकअब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ दिसला, तर त्याचे आयुष्य संपले असे समजावे.

काही आवाज सस्पेन्शनचे नसतातच. ब्रेक हलकेच दाबताच खडखड थांबली, तर ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपर सैल आहेत. पूर्ण वळण घेताना चाकाच्या गतीबरोबर ‘कट-कट’ होत असेल, तर दोष अॅक्सलच्या सांध्यात असतो. करकर आवाज पावसात नाहीसा होऊन उन्हात परतत असेल, तर ते कोरडे रबर आहे. त्यावर इंजिन ऑइल ओतण्याची सवय वाईट. खनिज तेलाने रबर फुगते आणि लवकर खराब होते. सिलिकॉनचा फवारा चालतो.

जीवघेणा सैलपणा

बॉल जॉइंटकडे मात्र तातडीने लक्ष द्यावे. तो खोबणीतून निखळला, तर चाक आडवे पडते आणि स्टिअरिंगचा ताबा सुटतो. कसारा घाटाच्या उतारावर असे घडले तर काय होईल, हे सांगायला नको.

तपासणीसाठी गाडी सपाट जागेवर उभी करून मागच्या चाकांना दगड लावावेत. पुढचे चाक जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. मग चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे. खडखड जाणवल्यास साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगावे. सैलपणा नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा असण्याची शक्यता अधिक. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखड जाणवली, तर टाय रॉडचे टोक झिजले असावे. आर्मखाली पहार घालून अलगद उचलल्यास बॉल जॉइंटमधील अंतर डोळ्यांना दिसते. अंतर दिसले, तर गाडी चालवत न नेता टोइंगने गॅरेजमध्ये न्यावी.

स्टॅबिलायझरची लिंक मात्र एकच चाक उचलून तपासू नये. तेव्हा दांडा पिळलेला असतो आणि लिंकवर ताण असल्याने तिचा सैलपणा लपतो. दोन्ही चाके जमिनीवर असताना, किंवा दोन्ही उचललेली असताना, ती हाताने हलवून पाहावी.

दुरुस्तीत काय पाहावे?

लिंक आणि शॉकअब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत, अन्यथा गाडी एका बाजूला वेगळी वागते. बॉल जॉइंट काही गाड्यांत सुटा मिळतो, काहींत पूर्ण आर्मच बदलावा लागतो. ते आधी विचारून घ्यावे. स्ट्रट घरी उघडण्याचे धाडस करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती गोळीसारखी उडते. ती दाबून धरण्याचे साधन असलेल्या गॅरेजमध्येच हे काम करून घ्यावे.

नवे बुश काही महिन्यांतच फाटले, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. त्यामागे पुष्कळदा बसविण्याची घाई असते. चाक लोंबकळत असताना बोल्ट पक्का आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवून, गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच तो अखेरचा आवळावा. गॅरेजमध्ये हे एक वाक्य आठवणीने सांगितले, तरी दुसऱ्यांदा होणारा खर्च वाचू शकतो.

आर्म, टाय रॉड किंवा स्ट्रटचे काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, नाही तर नवे टायर एका कडेने झिजतात. बदललेले जुने भाग ताब्यात घ्यावेत. मग ज्या रस्त्यावर आवाज येत होता, त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने गाडी पुन्हा चालवून पाहावी आणि त्यानंतरच बिल चुकते करावे.