मोठ्या पडद्याचे गणित

आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या वेळी सभागृहाच्या भिंतीवर शाळेची जुनी छायाचित्रे मोठी करून लावावीत, असे ठरले. कार्यालयातील कपाट धुंडाळताना दोन वस्तू हाती लागल्या. पहिली म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्षी घेतलेल्या समूहचित्राची काच. त्या काळी छायाचित्रकार तिवईवर लाकडी पेटी ठेवून आणि डोक्यावर काळे कापड ओढून चित्र घेत असे, व ते फिल्मऐवजी काचेवर उमटे. ही काच साडेसहा इंच रुंद व साडेआठ इंच लांब होती. दुसरी वस्तू म्हणजे १९८५ साली पन्हाळ्याच्या सहलीत, तीन दरवाजासमोर चाळीस मुलांना चार रांगांत उभे करून मी स्वतः घेतलेल्या छायाचित्राची निगेटिव्ह. ती ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी होती.

दोन्ही चित्रे सहा-सहा फूट रुंद करून आणली. काचेवरील चित्रात तिसऱ्या रांगेतील एका मुलाच्या सदऱ्याला लावलेले ठिगळ दिसत होते. इतकेच नव्हे, तर त्या ठिगळाचे टाकेही मोजता येत होते. माझ्या चित्रात मात्र चेहऱ्यांच्या जागी करडे डाग तेवढे उरले होते. त्या चाळिसांतील एक मुलगा सहलीनंतरच्या वर्षी तापाने दगावला. त्याच्या घरी त्याचे दुसरे छायाचित्र नव्हते. आता वृद्ध झालेली त्याची आई मुद्दाम शाळेत आली आणि तेवढाच एक चेहरा मोठा करून द्यावा, अशी विनंती तिने केली. तो चेहरा मला मोठा करता येईना. असे का व्हावे?

एखादे भिंग घेऊन वर्तमानपत्रातील चित्र पाहा. लांबून जो गाल वाटतो, तो जवळून ठिपक्यांचा समूह असल्याचे दिसेल. फिल्मचेही तसेच आहे. फिल्मवर सरसाच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण बसविलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो, ते रसायनात धुतल्यावर काळे होतात आणि त्या काळ्या कणांचे चित्र बनते. रंगीत फिल्ममध्ये शेवटी चांदी निघून जाते व तिच्या जागी रंगाचे ठिपके उरतात, एवढाच फरक. आता ध्यानात घ्या, फिल्म लहान असो वा मोठी, एका जातीच्या फिल्मवरील कण सारख्याच आकाराचे असतात. तांदळाचा दाणा वाटीत जेवढा, तेवढाच परातीत. परातीत दाणे अधिक मावतात, इतकेच. माझ्या निगेटिव्हवर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम मिलिमीटरभर जागा आली होती. काचेवर प्रत्येकाला सहा मिलिमीटर लांब व तितकीच रुंद जागा होती, म्हणजे छत्तीस पट अधिक कण. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणले की काही वेळाने ते धूसर होते, त्याचेही कारण हेच. तेथे कणांऐवजी चौकोन असतात. ताणल्याने चौकोन मोठे होतात, पण त्यांची संख्या वाढत नाही.

आम्हांला सहा फुटांचे चित्र हवे होते. चित्रपटगृहाच्या मोठ्या पडद्यावर ते सत्तर फुटांचे करावे लागते. चित्रपटाच्या नेहमीच्या फिल्मची रुंदी ३५ मिलिमीटर. हे माप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसनच्या अमेरिकेतील कार्यशाळेत ठरले आणि पुढे जगभर रूढ झाले. फिल्म पुढे सरकावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. दात्यांचे चाक त्यांत अडकून तिला ओढते. एका चित्रासाठी चार छिद्रांएवढी लांबी लागते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा फिल्मच्या कडांना ही छिद्रे घरीच पाडावी लागत. रात्री अंधार करून हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. त्याच कॅमेऱ्याने दादासाहेबांनी प्रथम कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली आणि पुढील वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला.

आता थोडे गणित करू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरील चित्र सुमारे २२ मिलिमीटर रुंद व १६ मिलिमीटर उंच असते. पडदा २२ मीटर रुंद असेल, तर चित्र बरोबर एक हजार पटींनी ताणले जाते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा धुळीचा कण फिल्मवर बसला, तर पडद्यावर तो एक सेंटिमीटरचा होतो! फिल्मचे कण तर चित्रभर पसरलेले. तेही त्याच प्रमाणात ताणले जातात.

१९५० नंतर अमेरिकेत घरोघर दूरचित्रवाणी आली आणि प्रेक्षक घरी बसू लागले. त्यांना परत आणण्यासाठी पडदे रुंद करण्याची चढाओढ लागली. १९५२ मध्ये सिनेरामा आला. त्यात तीन प्रक्षेपक तीन चित्रे शेजारी शेजारी टाकीत, पण त्यांचे सांधे पडद्यावर दिसत. पुढच्या वर्षी आलेल्या सिनेमास्कोपमध्ये विशिष्ट भिंगाने रुंद दृश्य दाबून नेहमीच्याच फिल्मवर बसवीत आणि दाखविताना पुन्हा पसरवीत. गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा याच पद्धतीचा आपल्याकडील पहिला चित्रपट. परंतु कणांच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले ते १९५५ च्या टॉड-एओ पद्धतीने. तिने फिल्मच रुंद केली. कॅमेऱ्यात ६५ मिलिमीटरची फिल्म आणि दाखविण्याची प्रत ७० मिलिमीटरची; वाढलेल्या ५ मिलिमीटरांत आवाजाच्या पट्ट्या. या फिल्मवरील चित्राचे क्षेत्रफळ नेहमीच्या चित्राच्या सुमारे तिप्पट होते.

या तिपटीने काय साधले? डेव्हिड लीन यांच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) या चित्रपटात जॉर्डनच्या वाळवंटातील एक प्रसिद्ध दृश्य आहे. क्षितिजावर मृगजळ थरथरत असते. त्यात एक काळा ठिपका दिसतो, लांबतो, हलू लागतो. आणि बऱ्याच वेळाने कळते की, तो उंटावरून येणारा स्वार आहे. त्या विहिरीवरच्या दोन माणसांप्रमाणे आपणही डोळे ताणून त्या ठिपक्याकडे पाहत राहतो. हा ठिपका लहान फिल्मवर टिपला असता, तर तो कणांच्या गर्दीत हरवला असता. दिग्दर्शकाला असे दृश्य सुचण्यासाठीसुद्धा मोठी फिल्म हाताशी असावी लागते, असे मला वाटते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ७० मिलिमीटरची प्रत पाहिली म्हणजे चित्रही तेवढ्याच मोठ्या फिल्मवर घेतले असेल, असे नाही. ‘शोले’ (१९७५) हा चित्रपट ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला आणि नंतर लंडनमध्ये त्याच्या ७० मिलिमीटरच्या प्रती तयार करण्यात आल्या. जे मूळ फिल्मवर टिपले गेले नव्हते, ते मोठ्या प्रतीवर कोठून येणार? तथापि रुंद प्रतीवर आवाजाच्या अनेक पट्ट्या बसत आणि आवाज सभागृहात निरनिराळ्या दिशांनी येई. नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली पाहत, असे सांगतात. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला. त्याचे श्रेय कणांना देता येणार नाही!

याहूनही मोठे पाऊल टाकले ते कॅनडातील लोकांनी. १९६७ साली माँट्रियल येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात अनेक पडद्यांवर अनेक प्रक्षेपकांनी एकाच वेळी चित्रे दाखविली गेली. तेथे काम केलेल्या ग्रेम फर्ग्युसन व रोमन क्रॉइटर यांना वाटले, इतक्या यंत्रांची कसरत करण्यापेक्षा एकच प्रचंड चित्र दाखवावे. रॉबर्ट कर व विल्यम शॉ हे त्यांना येऊन मिळाले आणि आयमॅक्स पद्धतीचा जन्म झाला. तिचा पहिला चित्रपट १९७० साली जपानमधील ओसाकाच्या प्रदर्शनात दाखविण्यात आला. त्यांची युक्ती साधी होती. त्यांनी ७० मिलिमीटरची फिल्म उभी न चालविता आडवी चालविली आणि एका चित्राला पंधरा छिद्रांएवढी लांबी दिली. माझ्या पन्हाळ्याच्या छायाचित्राच्या कॅमेऱ्यातही चित्रपटाचीच ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी बसे. आडव्या फिल्मवर आयमॅक्सचे चित्र ७० मिलिमीटर रुंद व सुमारे ४८ मिलिमीटर उंच झाले. मघाच्या २२ मीटरच्या पडद्यासाठी ते हजार पट नव्हे, तर सव्वातीनशे पटींहूनही कमी ताणावे लागते.

पण अडचण निराळीच आली. प्रत्येक सेकंदाला चोवीस चित्रे भिंगासमोर यावीत, क्षणभर स्थिर राहावीत आणि पुढे जावीत, असा नियम आहे. आयमॅक्सची फिल्म सेकंदाला १ मीटर ७० सेंटिमीटर धावते. एवढ्या जड फिल्मला दात्यांनी चोवीस वेळा हिसके दिले, तर ती फाटायचीच. हा प्रश्न ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या रॉन जोन्स यांनी शोधलेल्या युक्तीने सुटला. शाळेच्या सभागृहात लांबलचक सतरंजी अंथरल्यावर ती थोडी पुढे सरकवायची असेल, तर तुम्ही काय करता? एक टोक धरून ओढली तर हलत नाही. पण मागच्या टोकाला एक वळी उचलून ती वळी लाटेसारखी पुढे ढकलीत नेली, की सतरंजी न ओढता हातभर पुढे सरकते. आयमॅक्सच्या प्रक्षेपकात फिल्मची अशीच लाट फिरते. लाट पुढे गेली की फिल्म काचेवर अलगद निजते, हवा शोषून तिला तेथे चिकटवून धरतात आणि मग पुढची लाट येते. मागे १५ किलोवॅटचा दिवा असतो. कपड्यांच्या पंधरा इस्त्र्यांना लागेल तेवढी वीज तो एकटा खातो. तो थंड राखण्यासाठी पाणी खेळवावे लागते.

या भव्यतेची किंमत भारी आहे. कॅमेरा अवजड असतो. चालताना तो पूर्वी इतका आवाज करी की, जवळच्या नटाचे हलके बोलणे नीट ध्वनिमुद्रित होत नसे. त्यातील हजार फुटांची फिल्म तीन मिनिटांत संपते. मे २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी निघालेल्या अवकाशयानात आयमॅक्सचा एक कॅमेरा बसविला होता. त्यात सुमारे एक मैल लांबीची फिल्म होती. ती चालणार किती वेळ? सगळी मिळून आठ मिनिटे! अवकाशात फिल्म बदलण्याची सोय नव्हती. तेव्हा त्या साऱ्या प्रवासात, पृथ्वीपासून साडेपाचशे किलोमीटर उंचीवर, कळ कोणत्या क्षणी दाबायची, हा निर्णय प्रत्येक वेळी तोलूनमापून घ्यावा लागला. मला या कॅमेऱ्याची सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. आज मोबाइलवर आपण शंभर छायाचित्रे काढतो आणि त्यांतील एकही नीट पाहत नाही.

आता चित्रपटगृहांतून फिल्म बहुतेक नाहीशी झाली आहे. २०२३ साली क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘ओपेनहायमर’ची आयमॅक्स फिल्म जगभरातील सुमारे तीस चित्रपटगृहांतच दाखविली गेली, त्यांत भारतातील एकही नव्हते. ती फिल्म अकरा मैल लांब होती आणि तिचे वजन २७० किलोग्रॅमच्या आसपास होते. इतर सर्वत्र संगणकीय प्रक्षेपकांनी काम भागते. यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, फिल्मची सर कशालाच नाही. दुसरा म्हणतो, हा निव्वळ हट्ट आहे. वाद मिटविण्यापूर्वी दोघांनी कोठे बसून चित्रपट पाहिला, हे विचारावे. २२ मीटरच्या पडद्यावर ४०९६ रकान्यांचे चित्र टाकले, तर एक चौकोन साडेपाच मिलिमीटरांहून थोडा लहान होतो. निरोगी डोळ्यालाही २० मीटरांवरून सहा मिलिमीटरांहून लहान ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत. म्हणजे मागच्या रांगेतल्यांसाठी हा वाद मिटलाच आहे. पुढे बसणाऱ्यांसाठी तो अजून शिल्लक आहे. माझे मत विचाराल, तर वाळवंट, हिमशिखरे आणि अवकाश यांसाठी मोठी फिल्म जरूर खर्ची घालावी. दोन माणसे खोलीत बसून बोलत असतील, तर तिची आवश्यकता मला पटत नाही. वाटाण्याचा अंकुर लहान फिल्मवरही पुरेसा मोठा दिसला होता.

त्या आईची विनंती राहून गेली होती. अलीकडे धूसर चेहरे स्पष्ट करणारे संगणकीय उपाय निघाले आहेत. शहरातील एका दुकानदाराने तसे चित्र करून दिले. हजारो चेहऱ्यांच्या अभ्यासावरून येथे पापणी असावी, येथे जिवणीचा कोपरा असावा, असे अनुमान संगणक करतो आणि रिकाम्या जागा भरतो. चित्र अगदी स्वच्छ आले होते. आईने ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ न्याहाळले. “गुरुजी, पोरगा देखणा आहे,” ती म्हणाली, “पण हा आमचा नव्हे.” ते चित्र तिने टेबलावर ठेवले आणि पन्हाळ्याच्या छायाचित्राची जुनी, लहान प्रत पदरात गुंडाळून ती घरी घेऊन गेली.